पडदा गेला तरी हॉल राहू दे

महिन्याभरापूर्वी घरच्या ग्रुपवर दादाने एक फोटो टाकला. ठाण्यातलं आमचं जुनं टॉकीज, दाराला साखळी, तिकीटखिडकीवर पत्रा ठोकलेला. खाली दोनच वाक्यं: 'शेवटी बिल्डरकडे गेलं. टॉवर येतोय.' मालकीचे वाद अजून मिटलेले नाहीत, म्हणून टॉकीजचं नाव लिहीत नाही. तासाभरात ग्रुपवर दोन तट पडले. मावशी म्हणाली, टॉकीज वाचवा आणि पुन्हा सिनेमे लावा. दादा म्हणाला, सातशे खुर्च्या आणि बघायला तीस माणसं, विजेचं बिल कोण भरणार? मी मध्ये बोलायला गेले तर त्याने मला थांबवलं: 'तू लंडनमध्ये बसून आम्हाला वारसा शिकवू नकोस.'

त्याचा राग मला समजतो. टॉकीज बंद पडत असताना मी तिथे तिकीट काढून बसले नाही, तो बसला. तरीही बोलते, कारण या वादात सगळे फक्त सिनेमाबद्दल बोलतायत आणि इमारतीबद्दल कुणीच नाही.

मी राहते लंडनच्या टूटिंग भागात. घरापासून दहा मिनिटांवर १९३१ सालचं ग्रॅनाडा सिनेमागृह आहे. थिओडोर कोमिसार्जेव्हस्की या रशियन नाट्यदिग्दर्शकाने त्याची अंतर्गत सजावट केली. आत गेलं की एखाद्या जुन्या कॅथीड्रलमध्ये आल्यासारखं वाटतं, टोकदार कमानी, कोरीवकाम, आरशांची लांबलचक गॅलरी. तीन हजारांवर माणसं इथे सिनेमाला बसायची. १९७३ मध्ये खेळ थांबले. आदल्याच वर्षी इमारत संरक्षित यादीत गेली होती, त्यामुळे ती पाडणं सोपं राहिलं नव्हतं. १९७६ मध्ये तिथे बिंगो, म्हणजे पैसे लावून खेळायचा आकड्यांचा खेळ, सुरू झाला. २००० साली तिला सर्वोच्च, म्हणजे पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं.

पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला वाईटच वाटलं होतं. माइकवर एक बाई आकडे पुकारत होती आणि टेबलांशी बसलेल्या आज्या जाड पेनांनी कागदावरचे आकडे खोडत होत्या. मग वर बघितलं. छत कोरडं होतं, दिवे लागलेले होते, कुणीतरी रोज झाडू मारत होतं. इमारत राहिली ती या आज्यांच्या तिकिटांवर.

लंडनमधल्याच साउथॉल या भारतीय वस्तीच्या भागाचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं. तिथलं १९२९ सालचं पॅलेस सिनेमागृह जॉर्ज कोल्स या आर्किटेक्टने चिनी देवळाच्या धाटणीवर बांधलं, छपरावर ड्रॅगन आहेत. सत्तरच्या दशकात तिथे हिंदी सिनेमे लागायचे. पुढे बाजार भरला, २००१ मध्ये तीन पडद्यांचं सिनेमागृह झालं, २०१० मध्ये तेही बंद पडलं आणि पुन्हा बाजार आला. भिंती उभ्या होत्या म्हणूनच सिनेमा एकदा तरी परतू शकला. त्याच साउथॉलमध्ये भारतीय कामगारांच्या संघटनेने स्वतः विकत घेतलेलं डोमिनियन सिनेमागृह होतं. ते पाडलं. आता त्या जागी त्याच नावाचं केंद्र आहे.

ठाण्यात आपण नाव जपण्यात तरबेज आहोत. 'वंदनाला उतर' असं आपण आजही सहज म्हणतो, एसटी स्टँडला सिनेमाचं नाव चिकटलंय. पण नावात सातशे माणसं बसत नाहीत.

मावशीला मी सांगितलं, सिनेमाचा हट्ट सोड. जपायचं आहे ते दुसरंच. आपल्या टॉकीजची बाल्कनी आठव. तिच्याखाली एकही खांब नाही, कुठल्याही खुर्चीवरून पडदा अख्खा दिसायचा. वर जाणाऱ्या जिन्याला मोझॅकच्या पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कडेला गोलसर वळलेला कठडा. लहानपणी बाबा मला आतल्या बाजूने चढवायचे, गर्दीचा धक्का लागू नये म्हणून. असा सलग, बिनखांबी, उतरत्या जमिनीचा हॉल नव्या टॉवरच्या पोटात सहसा बांधला जात नाही, तिथे पार्किंग येतं. या हॉलमध्ये तालीम होईल, शाळेचं स्नेहसंमेलन होईल, वाचनालय होईल, बाजारही चालेल.

दादाचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं. हा भार एकट्या मालकावर टाकणं अन्याय आहे. पूर्व लंडनमध्ये वॉल्थमस्टोचं ग्रॅनाडा २००३ मध्ये बंद पडलं. स्थानिक लोक वर्षानुवर्षं मागे लागले, २०१९ मध्ये तिथल्या कौन्सिलने ते विकत घेतलं आणि २०२५ मध्ये ते नाट्यगृह म्हणून उघडलं. आपल्याकडेही वारसा इमारतीच्या मालकाला न वापरलेला एफएसआय (प्लॉटवर जितकं बांधायची परवानगी असते ते क्षेत्र) टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क, म्हणून विकू देण्याची पद्धत आहे, मुंबईत ती नव्वदच्या दशकापासून चालत आली आहे. पण त्यासाठी इमारत आधी वारसा यादीत यावी लागते, आणि टॉकीजकडे वारसा म्हणून बघायची आपल्याला सवयच नाही. मंदिर, तलाव, वाडा इथवर आपली नजर जाते. गडकरी रंगायतनसाठी ठाणेकर हक्काने भांडतात. तितक्याच हक्काने टॉकीजसाठी भांडलेले मी ऐकलेले नाहीत.

काल दादाला फोन केला. म्हटलं, टॉवर थांबव असं मी म्हणत नाही. पाडकाम लागायच्या आधी एखाद्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला आत ने, हॉलची मोजमापं घे, प्रोजेक्टरच्या केबिनपासून बाल्कनीच्या तुळईपर्यंत सगळ्याचे फोटो काढ. नगरसेवकाला निदान एकदा विचार, की या प्लॉटवर हॉल ठेवून बांधता येईल का. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, वॉचमन ओळखीचा आहे, रविवारी जातो.