जपान फिरून आलेल्या सरांसाठी थोडं मार्गदर्शन

सर, टीचर, परदेशदौरा करून सुखरूप परत आलात, अभिनंदन! आता गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांना अनुभव सांगायचे म्हणजे त्याची एक पद्धत असते. ती मी नुकतीच आमच्या पोराच्या शाळेत मागच्या बाकावर बसून अथपासून इतिपर्यंत बघितली, पीटीएतल्या, म्हणजे पालक-शिक्षक संघातल्या, पालकांना सक्तीचं बोलावणं होतं ना, त्यामुळे अधिकारवाणीने सांगू शकते. शाळेचं नाव राहू दे, गोव्यातला डिचोली तालुका एवढं पुरे. सरांचंही राहू दे. तसे ते आमच्या शाळेचे नव्हतेच, मोठ्या शाळेतले पाहुणे. वाड्यावरच्या दोन मास्तरांच्या शाळेतल्या मास्तराला कोण पाठवतोय टोकियोला, त्याला बीएलओची, म्हणजे मतदारयादीची, कामं आहेत.

पहिली गोष्ट, उशिरा या. कार्यक्रम साडेनऊचा असेल तर सव्वादहा ही योग्य वेळ. मुलं नऊपासून सतरंजीवर मांडी घालून बसलेली असतात, त्यांना सवय असते. आणि आल्या आल्या पहिला विषय घ्या जपानी लोकांच्या वक्तशीरपणाचा.

सुरुवात मोपा विमानतळापासून करा. बॅग घेऊन उभे तुम्ही, मग रांगेत उभे तुम्ही, मग खिडकीतून दिसणारा विमानाचा पंख, मग विमानात व्हेज जेवण मिळेना म्हणून झालेली तारांबळ. प्रत्यक्ष जपान यायला निदान अर्धा तास लागला पाहिजे.

सगळ्या फोटोंत तुम्हीच हवेत. मागे फुजी पर्वत दिसला तर दिसला.

बुलेट ट्रेनचा व्हिडिओ हवाच, पण ती १९६४ पासून धावतेय, म्हणजे इथल्या पोरांचे आजोबा हाफपँटीत होते तेव्हापासून, ती रूळांवर एवढी वेगात स्थिर कशी राहते, असलं काही सांगत बसू नका. ट्रेनमध्ये तुम्ही काय खाल्लं ते सांगा.

संडासांवर भरपूर वेळ द्या. गरम सीट, पाण्याचे फवारे, बटणं. मुलं हसतात, वातावरण मोकळं होतं. त्याच शाळेच्या संडासात मे महिन्यात नळाला पाणी नसतं आणि मोठ्या मुली दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, पण तो विषय वेगळा.

आता मुख्य मुद्दा. जपानला गेलेल्या माणसाने परत येऊन हे वाक्य म्हटलं नाही तर दौऱ्याचे पैसे फुकट गेले असं समजा: "तिथली मुलं स्वतः वर्ग झाडतात, फरशी पुसतात. तुम्हाला लाज नाही वाटत?" आवाज चढवून म्हणायचं. सरांनी म्हटलं. समोर पहिली ते चौथीची पोरं, खाली माना. आणि सर ज्या खुर्चीवर बसले होते तिच्या बरोब्बर मागे भिंतीवर हिरव्या कार्डबोर्डवर पाळ्या लिहिल्या होत्या, सोमवार अमुक, मंगळवार तमुक, झाडू, फळा, पाण्याची टाकी, कारण या शाळेला शिपाई नाही, कित्येक वर्षांत नव्हता आणि आता मिळायची आशाही कुणी धरत नाही! त्याच सकाळी चौथीतल्या दोन मुलींनी हॉल झाडला होता, छप्पर गळतं तिथं गोणपाट टाकलं होतं, सरांच्या टेबलावर घरून आणलेली चादर घालून त्यावर स्टीलच्या पेल्यात जास्वंदीची फुलं ठेवली होती. मी स्वतः बघितलं. सरांनी तो पेला बाजूला सारून लॅपटॉप ठेवला आणि त्याच दोघींना विचारलं, लाज नाही वाटत? बरं, जपानात हे कशासाठी करतात, तर तो शिकण्याचाच भाग मानतात, आणि बऱ्याच शाळांत मुलांबरोबर शिक्षकही झाडू हातात घेतो, बाजूला उभा राहून फोटो काढत नाही. हा भाग सरांच्या स्लाइडवर नव्हता. असता तरी वाचला नसता, कारण मग कुणीतरी विचारलं असतं, सर, तुम्ही तुमच्या शाळेत शेवटचा झाडू कधी मारलात?

असो. मार्गदर्शन चालू ठेवते.

जपानी शिक्षकांचं कौतुक जपून करा. ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत तिथले खालच्या माध्यमिकचे (सातवी ते नववीचे) शिक्षक आठवड्याला सरासरी ५६ तास काम करताना आढळले, पाहणीतल्या सगळ्या देशांत जास्त. तिथले शिक्षकच त्याला कंटाळलेत. म्हणजे तो देश काही सरसकट स्वर्ग नाही. पण हे मुलांपुढे कशाला, उगाच गुंतागुंत.

चॉकलेटं आणलीच तर तीन मुलांत एक द्या.

जेवणाबद्दल बोलताना जपानी जेवण किती बेचव लागलं आणि तुम्ही इथून नेलेल्या लोणच्यावर दिवस कसे काढले ते रंगवून सांगा. शाळेतलं जेवण तिथं १८८९ मध्ये त्सुरुओका नावाच्या गावात गरीब मुलांसाठी सुरू झालं, १९५४ मध्ये त्याचा कायदा झाला, मुलं पांढरे डगले आणि टोप्या घालून एकमेकांना वाढतात, हेडमास्तर आधी चाखून बघतो आणि वर्गशिक्षक त्याच वर्गात बसून तेच जेवण जेवतो, हे सगळं गाळा. कारण हे सांगितलं तर पंचाईत होते. दाराशी मुलांचं जेवण आणणारी बचत गटाची बाई पातळ भाजीचं पातेलं घेऊन कधीची उभी होती, पावाच्या टोपलीवर झाकलेला फडका सारखा सारखा नीट करत होती, आत यायचं की नाही कळेना तिला. सर तेव्हा क्योटोत होते. क्योटोतून ओसाका, ओसाकातून परत टोकियो. पोरांनी शेवटी गार भाजी आणि चिवट पाव खाल्ला आणि सरांसाठी हेड टीचरच्या खोलीत वेगळ्या प्लेटा, काजू, कापं, थंड पेय. एक पाव घेऊन पोरांच्या पंगतीत बसले असते तर तेवढा एक जपान आमच्या गावात आला असता की नाही?

मुलांचे प्रश्न घेऊ नका. ही सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे. तिसरीतली एक मुलगी मधेच उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तिथं भूकंप होतो ना, मग शाळेत असताना झाला तर मुलं काय करतात?" एवढ्या दोन-अडीच तासांत त्या हॉलमध्ये बोललं गेलेलं हे एकमेव कामाचं वाक्य. सर म्हणाले, प्रश्न शेवटी. शेवट आला तेव्हा आभार, पुष्पगुच्छ, ग्रुप फोटो, जियोटॅगवाला, म्हणजे जागेची नोंद असलेला, कारण अहवालाला तोच लागतो. मुलगी फोटोत आहे. दुसऱ्या रांगेत, अर्धी झाकलेली.

अहो सर, या प्रश्नासाठीच तर तुम्ही गेला होता ना तिथं? तुम्ही जपानी शाळेत बसलात, कुणालातरी विचारायचं होतंत! पोरं बाकाखाली शिरतात, बाकाचा पाय घट्ट धरतात, कित्येक शाळांत प्रत्येकाच्या खुर्चीला डोक्यावर घ्यायची जाड गादीची टोपी अडकवलेली असते, एरवी तिच्यावरच बसायचं. १९२३ मध्ये टोकियो-योकोहामा उद्ध्वस्त झालं तो १ सप्टेंबर, म्हणून दरवर्षी त्या दिवशी सराव. आणि सराव नुसता फोटोपुरता नसतो. २०११ च्या मार्चमध्ये त्सुनामी आली तेव्हा कामाईशी नावाच्या शहरात किनाऱ्याजवळच्या शाळेतली मोठी पोरं शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या लहानग्यांचे हात धरून उंचावर पळाली, ठरलेली जागाही धोक्याची वाटली तेव्हा आणखी वर पळाली, आणि वाचली. मोठ्यांनी लहानांना ओढत नेलं हो! हे सांगा ना आमच्या पोरांना. त्यांना कळेल, नक्की कळेल. २०२१ च्या जुलैत डिचोली-सत्तरीत पुराचं पाणी घरांत शिरलं तेव्हा यातली कितीतरी अगदी लहान होती आणि खांद्यावरून बाहेर काढलेली होती. उंचावर पळायचं म्हणजे काय ते तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. पण त्यांना काही ठाऊक असेल असं तुम्हाला वाटलंच नाही. तुम्हाला ती फक्त अस्वच्छ, आळशी आणि उशिरा येणारी वाटली, आणि तेही तुम्ही पाऊण तास उशिरा येऊन ठरवलंत.

राग जाऊन आलात याचा नाही, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. शिक्षकांनी जायलाच हवं, जास्त जायला हवं, सत्तरीतल्या वाळपईच्या पलीकडच्या आडगावच्या मास्तरांनीही जायला हवं, मास्तराने बाहेरचं जग बघितलं की मुलांना ते खिडकीतून दिसतं. पण तुम्ही खिडकी उघडलीच नाहीत, तिच्या काचेत स्वतःलाच बघत बसलात, आणि वर मुलांना घालूनपाडून बोललात. बाहेरदेशी काही चांगलं बघितलं की घरच्या पोरांच्या पाठीत घालायचं ही सवय सोडा आता. कुणी शिकवली तुम्हाला? शाळेच्या छपराबद्दल, शिपायाबद्दल, नळाबद्दल विचारायचं असेल तर ज्यांनी तुम्हाला तिकीट काढून दिलं त्यांना विचारा, आठ वर्षांच्या मुलीला नाही. तिथं मात्र तुमचा आवाज चढत नाही.

अहवालात लिहिलंय म्हणे, "विद्यार्थ्यांनी उत्साहाने प्रश्न विचारले व त्यांच्या शंकांचे निरसन करण्यात आले." एकच प्रश्न आला होता, सर. त्याचं उत्तर लिहून त्या अहवालाला जोडा आणि एक प्रत तिसरीच्या वर्गात पाठवा.