गाडी ‘मोकळी’ करायला निघालेल्यांसाठी

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. तिसरा माझा पुतण्या, आणि त्याने खाली लिहिलं होतं, ‘काका, येत्या रविवारी करूया?’

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. छोट्या गाड्यांची ताकद कंपनी मुद्दाम दाबून ठेवते, म्हणजे माणूस कंटाळून पुढची महागडी गाडी घेतो. पंचवीस हजार रुपये आणि दोन रविवार दिले की हीच गाडी घरच्या घरी मोकळी होते. त्यासाठी कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) बसवा, ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या सॉकेटमध्ये, पॉवर चिप खोचा, सायलेन्सर मोकळा करा, स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडी खाली बसवा, जुने १७ इंची अलॉय घाला, हेडलाइटला १०० वॉटचे बल्ब नाहीतर एलईडी टाका. शेवटी दिलासा दिलाय, की एवढ्या-तेवढ्याला आरटीओ विचारत नाही.

पुतण्याकडे दादाची जुनी गाडी आली आहे, २०१३ची पेट्रोल स्विफ्ट, मधलं व्हीएक्सआय मॉडेल. रोज मानपाड्याहून महापेला जाऊन-येऊन. माजिवडा, कळवा पूल, विटावा, ऐरोली, ठाणे-बेलापूर रोड. जाताना ऑफिसातले दोघं सोबत असतात. हीच गाडी समोर ठेवून एकेक मुद्दा घेतो. गाडीला घरी हात लावू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. मी वीस वर्षं जमेल ते काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करत आलोय, आणि पोरांनी ते शिकावं असं मनापासून वाटतं. म्हणूनच हा मेसेज मला असा सोडून देता येत नाही.

आधी मुळातलं गृहीतक. कंपनी स्वस्त मॉडेलात पैसे वाचवते, हे अगदी खरं. पण वाचवते कुठे? टायर अरुंद देते, दाराच्या पत्र्याला आतून काही लावत नाही, स्पीकर हलके देते. इंजिनात मात्र व्हीएक्सआय आणि वरचं झेडएक्सआय यांत काही फरक नाही. तेच ११९७ सीसीचं इंजिन दोघांत. खरंच ताकद दाबून ठेवलेली असती, तर वरच्या मॉडेलचे जास्त पैसे मोजणाऱ्याला तरी ती मिळाली असती.

कोन फिल्टरचं घ्या. कंपनीचा फिल्टरचा डबा दिसायला बोजड, पण त्याचं तोंड इंजिनच्या गरम हवेपासून बाजूला, बाहेरची हवा मिळेल असं ठेवलेलं असतं. डबा काढून बॉनेटखाली उघडा कोन लावला की इंजिन स्वतःचीच तापलेली हवा ओढायला लागतं. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली की साधारण ९ टक्के विरळ होते. कापूरबावडीच्या सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलं की बॉनेटखाली किती तापतं, ते हात धरून बघा. मग गाडी पळाल्यासारखी का वाटते? आवाजामुळे. डब्याने दाबलेला शोषणाचा घरघराट मोकळा होतो आणि कानाला तो वेग वाटतो.

हे नुसतं पैसे वाया जाण्यावर थांबलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी साचतं, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. उघडा कोन खाली बसवलेला असेल तर पाणी सरळ सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि त्याला खालून जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. कंपनीचाच कागदी फिल्टर काही शे रुपयांना मिळतो. मेट्रोच्या कामाची धूळ खाल्लेला जुना फिल्टर काढून नवा घातला की इंजिनला जी मोकळी हवा पाहिजे ती मिळते.

पॉवर चिपवर जास्त लिहायची गरज नाही. मी अशी एक उघडून पाहिली. आत एक लहानशी चिप आणि दोन-तीन दिवे. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायला संदेश घेणारा-पाठवणारा जो ट्रान्सीव्हर लागतो तो बोर्डावर नव्हताच. पोर्टातून बॅटरीचा करंट घेऊन दिवे लुकलुकत होते, बाकी काही नाही.

सायलेन्सर मोकळा करायचा म्हणजे बहुतेक ठिकाणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून तिथे साधा पाइप जोडतात. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड तिथे जळतो. तो काढला की तो धूर मागच्या बाइकवाल्याच्या आणि सिग्नलला उभ्या असलेल्या पोराच्या नाकात जातो. कन्व्हर्टरच्या मागे ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो तो वेगळाच. टर्बो नसलेल्या १.२ लिटरच्या इंजिनला यातून मिळणारा फायदा ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये जाणवण्याइतका नसतो. आवाज मात्र रात्री अकरा वाजता अख्ख्या इमारतीला जाणवतो.

आता स्प्रिंग. इथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण हे काम खरंच ग्राइंडरने वीस मिनिटांत होतं. स्प्रिंगचे सहा वेढे काम करत असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग साधारण २० टक्के कडक होते. गाडी खाली येते, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी राहते. शॉकअप तोच, पण आता तो दर खड्ड्याला तळाला आपटतो. खरी गोची स्प्रिंगच्या टोकाशी आहे. शॉकअपच्या खालच्या वाटीत एक खाच असते आणि स्प्रिंगचं टोक तिथे बरोबर बसतं. कापलेलं टोक तिथे बसत नाही. मोठ्या स्पीडब्रेकरवरून उतरताना चाक लोंबतं तेव्हा आखूड झालेली स्प्रिंग सैल पडते आणि वाटीत फिरते. काही जण कापायच्या ऐवजी गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात. ते त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणीच उतरतं आणि स्प्रिंग कधी तुटेल त्याचा भरवसा राहत नाही.

आमच्याच पार्किंगमधल्या एका मुलाने गेल्या पावसाळ्याआधी हे केलं होतं. गणपतीच्या सुमारास त्याने मला गाडी बघायला बोलावलं, कारण ती ओल्या रस्त्यावर डावीकडे ओढत होती. उभ्याने पाहिलं तर पुढच्या टायरांची नक्षी उत्तम दिसत होती. मी खाली बसलो, स्टीअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं आणि टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला टायरच्या आतली पोलादी तार लागली. गाडी खाली बसवल्यावर चाकं आत कलतात, अलाइनमेंट कोणी केलं नव्हतं, सगळा भार आतल्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर आला आणि ती झिजून तारेपर्यंत गेली. दोन्ही शॉकअपवरून तेलाचे ओघळ आले होते, त्यावर गायमुखच्या घाटातली लाल माती चिकटली होती. त्या टायरांवर त्याने आईला घेऊन दोनदा घाट चढला-उतरला होता. शेवटी चार टायरांपैकी दोन, दोन शॉकअप आणि दोन स्प्रिंगा नव्या घ्याव्या लागल्या. कापायला शून्य रुपये लागले होते.

‘काका, पण खाली बसलेली गाडी भारी दिसते,’ पुतण्या म्हणाला. दिसते, मी नाकारत नाही. पण स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर आहे आणि घोडबंदरला पावसाळ्यात त्यातला एकेक मिलिमीटर कामाला येतो. एक आणखी: शॉकअपवरून स्प्रिंग उतरवायला ती स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाच्या हत्याराने दाबून धरावी लागते. पुढच्या एका चाकावर अडीचशे-तीनशे किलोंचा भार असतो, तेवढी ताकद त्या दाबलेल्या वेढ्यांत भरलेली असते. ती निसटली तर समोरचा हात किंवा तोंड राहत नाही. घरच्या रविवारचं हे काम नव्हे.

अलॉयचा मुद्दा आकड्यांत पटकन कळतो. पुतण्याच्या गाडीचं मूळ माप १६५/८० आर१४, म्हणजे टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, भिंत तिच्या ८० टक्के, रिम १४ इंची. रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची भिंत १३२ मिलिमीटर. मेसेजमधलं १७ इंची रिम घ्यायचं तर टायर २०५/४५ लागेल. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, पण भिंत उरते ९२ मिलिमीटर. खड्ड्याचा दणका सोसणारं ४० मिलिमीटर रबर गेलं आणि त्या जागी धातू आला. लोखंडी रिम वाकतं, ठोकून सरळ होतं. ओतीव अलॉयला तडा जातो, आणि जुना सेट घेताना आधी बुजवलेला तडा रंगाखाली दिसत नाही. याच स्विफ्टच्या झेडएक्सआयला कंपनीने १८५/६५ आर१५ दिलं होतं. भिंत १२० मिलिमीटर, एकूण उंचीत मूळ मापापेक्षा दोनच मिलिमीटरचा फरक, म्हणून स्पीडोमीटरही खरा राहतो. रुंद टायर पाहिजे असेल तर एवढंच माप घ्यावं, आणि पैसे रिमपेक्षा रबरावर घालावेत.

हेडलाइटबद्दल मात्र पुतण्याची तक्रार खरी होती. पावसात रात्री परत येताना त्याला रस्त्यावरचे पट्टे दिसत नव्हते. प्रश्न खरा, मेसेजने दिलेलं औषध चुकीचं. ६० वॉटच्या बल्बला ५ अँपिअर लागतात, १०० वॉटच्या बल्बला ८ च्या वर. वायर तीच राहिली तर ती जवळजवळ पावणेतीन पट तापते. मी असे होल्डर पाहिलेत, पांढऱ्याचे तपकिरी झालेले, एका बाजूने वितळून बल्बच्या पिनेला चिकटलेले. तिथून आग लागायला फार काही लागत नाही.

एलईडीचं कारण वेगळं. हेडलाइटच्या एच४ प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या उजेडाच्या, तारेखाली एक बारीक धातूची वाटी असते. ती खालचा प्रकाश अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर अंधार राहतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक कोन त्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची पट्टी जाड, उजेड दोन बाजूंनी निघतो, तारेच्या जागी तो बरोबर पडत नाही. आपल्याला बॉनेटपुढे पांढराफटक उजेड दिसतो आणि बरं वाटतं. लांबवर काहीच पडत नाही, आणि समोरून येणाऱ्याला मात्र काही क्षण काही दिसत नाही. त्याच्यापुढे रस्ता ओलांडणारं माणूस असेल तर? भिंतीपासून सात-आठ मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. उजेड आणि अंधार यांच्यातली रेघ स्वच्छ दिसली पाहिजे. पार्किंगमध्ये एक एलईडीवाली आणि एक साध्या बल्बची गाडी शेजारीशेजारी उभी केली की फरक एका नजरेत कळतो.

आम्ही काय केलं ते सांगतो. मल्टिमीटर घेतला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, दिवा लावून होल्डरवर मोजले तर १२.४. जुन्या वायरीत आणि स्विचात बाकीचे हरवत होते. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो, एवढ्या फरकात जवळजवळ एक तृतीयांश गेला होता. रिलेची तयार वायरिंग आणली (रिले म्हणजे जुन्या स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीतून थेट दिव्याला करंट देणारा स्विच), मूळ वायर कुठेही न कापता प्लगला प्लग जोडला, बॅटरीजवळ फ्यूज ठेवला. बल्ब तेच, ६०/५५ वॉटचे. होल्डरवर १३.७ आले. मग पिवळी पडलेली हेडलाइटची (खरं तर प्लास्टिकची) काच १०००, २००० आणि ३००० नंबरच्या पाणीपेपरने पाणी मारत घासली, पॉलिश केली आणि वरून यूव्हीचा थर दिला. हा थर विसरला तर काच पुन्हा पिवळी पडते.

आरटीओ विचारत नाही, हा दिलासा तर सरळ खोटा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट वाचा आणि मेसेजमधली यादी पुन्हा मोजा. शिवाय ही एमएच-०४ गाडी १५ वर्षं झाली की पुनर्नोंदणीसाठी तपासणीला न्यावीच लागणार. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून पाहतोच, आणि न कळवलेला बदल हे दावा अडवायला चांगलं निमित्त असतं.

मग पुढचा पैसा कुठे? दाराचं ट्रिम काढून आतल्या पत्र्याला आवाज दाबणारी ब्युटिल रबराची शीट लावायची. डांबराची नको, उन्हात ती वितळून खाली येते. आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवायची नाहीत, नाहीतर दोन पावसाळ्यांत दार गंजतं. आम्ही पुढची दोन दारं केली. दार बंद केल्याचा आवाजच बदलला, पुतण्याने सहा-सात वेळा उघडून लावून पाहिलं.

येत्या रविवारी ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. दादाच्या बिलांत शेवटची नोंद २०१९ची सापडली. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडची बाटली आणून ठेवली आहे, सील न फोडता. ओळखीचे मिस्त्री दहा वाजता येतील, ते एकेका चाकाच्या ब्रेकचा निपल (जुनं ऑइल बाहेर काढायचं तोंड) सोडतील आणि पुतण्या आत बसून पेडल दाबेल.