मानेतली सुई आणि 'कायमचा आराम'

मेसेज असा आहे: 'मान दुखते? मणक्यात एकच इंजेक्शन! गादी जागेवर बसते, दुखणं कायमचं बंद, धोका शून्य, शुगरवाल्यांनाही चालतं.' सोलापुरात पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या, शिलाई मशीनवर दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या बायकांच्या मोबाईलवर तो पोचलाय, म्हणून हे लिहितोय.

गादी जागेवर बसत नाही. मणक्यातल्या इंजेक्शनमधलं स्टिरॉइड दबलेल्या नसेभोवतीची सूज उतरवतं, गादी होती तिथेच राहते. मानेतून हातात कळ जात असेल तर काही आठवडे बरं वाटू शकतं. पण अशी कळ बहुतेकांची काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआपही कमी होते. श्रेय मात्र सुईला मिळतं! हातात काहीच नाही, नुसती मान आखडते, अशांना या सुईचा फायदा झाल्याचे पुरावे तोकडे आहेत.

'कायमचं' तर अजिबात नाही. मानेच्या लहान सांध्यांतून दुखत असेल तर आधी तिथली बारीक नस बधिर करून खात्री करतात, मग रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने, ती जाळतात. १९९६ च्या एका गाजलेल्या चाचणीत, गाडीच्या अपघातात मानेला हिसका बसलेले, पारखून निवडलेले २४ रुग्ण होते. दुखणं पुन्हा निम्म्यावर यायला जाळलेल्या गटात साधारण २६३ दिवस लागले, नुसतं सोंग केलेल्या गटात ८. फरक मोठा आहे, नाकारत नाही. पण नस पुन्हा वाढते, दुखणं परत येतं. ही झाली चांगली बाजू. २०२५ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने मणक्याच्या जुनाट दुखण्यासाठी या सुयाच नकोत, अशी ठाम शिफारस केली. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्यावर आक्षेप घेतले. डॉक्टरांचंच जिथे एकमत नाही, तिथे गॅरंटी देणारा हा मेसेजवाला कोण?

धोका दुर्मीळ आहे, शून्य नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्येच इशारा दिला होता: अशा स्टिरॉइड इंजेक्शनांनंतर क्वचित पक्षाघात, अंधत्व, मृत्यूही. मानेत मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अगदी शेजारी असतात. कणीदार स्टिरॉइड चुकून त्यात गेलं तर रक्तपुरवठा अडतो. म्हणून विचारायचं: सी-आर्मखाली (सुई चालू असताना दाखवणारं एक्स-रे यंत्र), डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून बघत देणार का? औषध कणीदार की बिनकणीचं? नुसतं बोटाने चाचपून मानेच्या मणक्यात सुई घालणार असतील तर सरळ उठून यावं.

शुगरवाल्यांची साखर स्टिरॉइडने काही दिवस चढते, रोज तपासावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. विडीला दोरा गुंडाळताना बोटं अडखळायला लागली, ब्लाउजचे हूक लागेनात, चालताना तोल जायला लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दबत असू शकतो. तिथे सुईची चौकशी करत बसू नका. ताबडतोब मणक्याच्या सर्जनला दाखवा आणि एमआरआय करून घ्या.