पाच एक्स, तीन वाय आणि सुन्न जबडा

दातांच्या डॉक्टरांनी हिरडीत इंजेक्शन दिलं आणि "दहा मिनिटं बाहेर बसा" म्हणून पिटाळलं. बाहेर लेक सातवीच्या बैजिक राशी सोडवत बसलेली. पाच एक्स अधिक तीन वाय किती? मी उरलेल्या अर्ध्या जिभेने सांगितलं, "विजातीय पदं आहेत. तसंच ठेव."

शेजारचे सफारीतले काका लगेच वळले. "तसंच कसं? आठ एक्सवाय!"

"नाही हो, द्विपदी आहे. हेच उत्तर." तोंडातून 'द्विफदी' निघालं.

"प्रश्नच उत्तर म्हणून लिहायचा? अहो, जन्म बँकेत गेला माझा. अशी लोंबती बेरीज ठेवली असती तर घरी बसवलं असतं."

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'बीजगणित' लिहिलं. त्यांच्याकडे एक्स-वाय नव्हते; यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक होते. समान जातीची पदं मिळवा, वेगळ्या जातीची वेगळी ठेवा, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलंय. पण त्यांचा जबडा शाबूत होता.

मी वही ओढली. एक्स दोन, वाय तीन. पाच दुणे दहा, तीन त्रिक नऊ, एकूण एकोणीस. काकांचे आठ एक्सवाय? अठ्ठेचाळीस!

"दोन आणि तीनच का?"

"काहीही घ्या."

"काहीही ना? मग दोन्ही एक."

लेकीने घेतले. पाच अधिक तीन, आठ. आठ गुणिले एक गुणिले एक, आठ. समोर गाल धरून बसलेल्या बाईंनीसुद्धा मान डोलावली. एकदा जुळून भागत नाही, प्रत्येक किमतीला जुळायला हवं, हे सांगायला तोंड उघडलं तर लाळ गळली. लेकीने रुमाल दिला आणि वहीत आठ एक्सवाय लिहिलं.

काकांना तरी काय बोलणार? पहिलीपासून बरोबरच्या चिन्हापुढे चौकट आणि चौकटीत एक आकडा. वर्षानुवर्षं चौकटी भरून घ्यायच्या आणि सातवीत अचानक म्हणायचं, राशीला बरोबरचं चिन्ह नसतं, ती तशीच राहते. का, ते समजावायला तासात वेळ नाही. गृहपाठ मात्र पानभर. तो येतो आमच्या गळ्यात, तोही दवाखान्यात.

एवढ्यात मला आत बोलावलं. तोंडात कापसाचे बोळे, वर दिवा. दाराच्या फटीतून काकांचा आवाज आला, "एक्सवर्ग अधिक एक्स? सोप्पंय. एक्सचा घन!"

मी उठायला गेलो. डॉक्टर म्हणाले, "हलू नका."