समुद्र लांब आहे म्हणून गाफील राहू नका

हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, सीझन आला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी लिहितंच, आपण काय बीचवर राहतो का, आपल्यापर्यंत येईस्तोवर नुसता पाऊस उरतो. हे वाचलं की मला खरंच भीती वाटते, कारण माणसं जातात ती जास्त करून त्या नुसत्या पावसानेच.

हेलीन हरिकेन आठवा. 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं, कॅटेगरी 4 (पाचपैकी चौथी पायरी), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात ॲशव्हिलच्या आसपास हाहाकार. तोवर वारा बराच उतरला होता, कागदावर ते हरिकेनही राहिलं नव्हतं. पण आधीच्या दोन दिवसांत तिथे धो धो पाऊस पडून जमीन भिजून गच्च झालेली, नद्या भरलेल्या, आणि त्यावर हे सगळं बाष्प डोंगराला आदळलं. बसिक नावाच्या गावात मोजून 30 इंचाच्या वर पाऊस झाला. फ्रेंच ब्रॉड नदीने 1916 च्या महापुराचा रेकॉर्ड मोडला. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभरच्या वर माणसं गेली, आणि ॲशव्हिलमध्ये नळाचं पाणी परत पिण्यालायक झालं ते थेट 18 नोव्हेंबरला.

म्हणून मला वाटतं की कॅटेगरीचा आकडा बघून निवांत होणं सोडा. तो आकडा फक्त वाऱ्याचा असतो, पावसाचं त्यात काहीच नाही. टीव्हीवर अंदाज सांगताना नकाशावर काढतात तो कोन पण वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकतं तेवढंच दाखवतो, कोनाबाहेर आहोत म्हणजे सुटलो असं अजिबात नाही.

आणि इव्हॅक्युएशन, म्हणजे घर सोडून सुरक्षित जागी जाणं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गाडी भरून चार राज्यं पार करायची असंच येतं. 2005 मध्ये रिटा हरिकेनच्या वेळी टेक्ससच्या ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकदमच निघाले, भर उन्हात तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये अडकले, नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्या लोकांना नेणारी एक बस पेटली आणि 23 जण गेले. आपल्यासारख्या आतल्या गावांना बहुतेक वेळा एवढं लांब जायचंच नसतं, ओढ्या-नदीपासून हलून चढावरच्या कोणाच्या तरी घरी जायचं असतं, पण ते आदल्या दिवशी, उजेड असताना. रात्री दोनला फोनवर अलर्ट किंचाळल्यावर निघालात तर रस्ता आहे की वाहून गेलाय तेही दिसत नाही, आणि फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ओढून न्यायला पुरतं. हेलीनमध्ये आय-40 आणि आय-26 हे दोन्ही हायवे बंद झाले होते, मग जाणार कुठून?

आपल्याकडे अजून एक गोष्ट असते, ऐन सीझनमध्ये इंडियातून आई-बाबा आलेले असतात. त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, प्रिस्क्रिप्शन, पासपोर्ट, इन्शुरन्सचे कागद हे सगळं एका झिपलॉकमध्ये घालून दाराजवळच्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन असेल तर आइस पॅक फ्रीझरमध्ये हवेच. थोडी कॅश ठेवा, लाइट आणि नेटवर्क गेलं की कार्ड कुठेच चालत नाही. बॅटरीवरचा वेदर रेडिओ (हवामानाचे इशारे देणारा) घ्या. आणि जनरेटर गॅरेजमध्ये लावू नका, दार उघडं असलं तरी नाही, त्या धुराने घरातली सगळी झोपेतच जाऊ शकतात.

इन्शुरन्सचं तर आजच बघा. साध्या होम पॉलिसीत पूर धरत नाहीत, वेगळी फ्लड पॉलिसी लागते, आणि सरकारी पॉलिसी साधारण 30 दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळाचं नाव ऐकून घ्यायला गेलात तर उपयोग शून्य.

आमच्या सबडिव्हिजनमधून (वसाहतीतून) बाहेर पडायला एकच रस्ता आहे आणि तो ओढ्यावरच्या कल्व्हर्टवरूनच (छोट्या मोरीवरूनच) जातो. मी हे एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) मीटिंगमध्ये मांडणार आहे. तोवर वरच्या गल्लीत राहणाऱ्यांनी प्लीज कमेंटमध्ये सांगा, वेळ आली तर खालच्या घरांतली दोन-तीन कुटुंबं एका रात्रीपुरती तुमच्याकडे राहू शकतील का, म्हणजे कोणी कोणाकडे जायचं ते आत्ताच ठरवून ठेवू.