पुट्रेसीन हा जीवाणूंचा कचरा नव्हे

“पॉलिअमाइनं म्हणजे जीवाणूंची विष्ठा. मांस कुजलं की ती बाहेर पडतात. वाढीसाठी जीवाणूंना त्यांची गरज नसते आणि पेशीत साठली तरी काही बिघडत नाही.” असा मजकूर सध्या बराच फिरतोय. पॉलिअमाइनं म्हणजे पेशीतले धनभार असलेले छोटे रेणू; पुट्रेसीन, स्पर्मिडीन आणि कॅडाव्हरीन ही त्यातलीच. यातलं एकेक विधान तपासून पाहू.

“विष्ठा.” हा समज नावामुळे पसरलाय. 1880च्या दशकात लुडविग ब्रीगर यांना कुजलेल्या मांसात पुट्रेसीन सापडलं आणि कुजण्याचा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला. पण जोमाने वाढणारा, ठणठणीत ई. कोलाय (आतड्यात राहणारा एक जीवाणू) घेतला तरी त्यात पुट्रेसीन भरपूर असतं. ऑर्निथिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपासून ते बनवायला पेशीकडे खास विकरं आहेत. एवढंच नव्हे, बाहेर स्पर्मिडीन मिळालं तर एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, खर्चून ती ते आत ओढते. मेहनतीची कमाई मोजून कचरा कोण घरात आणेल? कॅडाव्हरीनबाबत मात्र दाव्यात थोडं तथ्य आहे. परिसर आम्लधर्मी झाला की पेशी लायसिन या अमिनो आम्लापासून ते बनवून बाहेर सोडते. पण तेही आम्लापासून जीव वाचवण्यासाठीच.

“गरज नसते.” सगळ्यात मोठी चूक इथे आहे. आरएनएच्या साखळीवर ऋणभार दाटीने बसलेले असतात, त्यामुळे घड्या पडताना तिचे भाग एकमेकांना दूर ढकलतात. स्पर्मिडीनवर तीन धनभार असतात. ते मध्ये जाऊन बसलं की ही ढकलाढकल शमते. ई. कोलायमधलं बहुतेक स्पर्मिडीन असंच आरएनएला बिलगलेलं असतं. प्रथिनं बनवणारे पेशीतले कारखाने, म्हणजे रायबोसोम, मुख्यतः आरएनएचे बनलेले, म्हणून प्रथिनं किती वेगाने तयार होणार हेही स्पर्मिडीनवर ठरतं.

मग पॉलिअमाइनं नसतीलच तर? जीवरसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट आणि सेलिया टेबर यांच्या प्रयोगशाळेने पॉलिअमाइन बनवणारी आठही जनुकं काढलेला ई. कोलाय तयार केला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात हा जीवाणू हवेत जगला, पण वाढीचा वेग 40 ते 50 टक्क्यांनी घटला. ऑक्सिजन पूर्ण काढून घेतल्यावर मात्र पॉलिअमाइनशिवाय त्याचं चालेना. म्हणजे “यांच्याविना जीवाणू लगेच मरतात” हेही खरं नाही. हिमोफिलस पॅराइन्फ्लुएन्झा या जीवाणूला तर पुट्रेसीन बाहेरून पुरवावं लागतं, हे 1948 सालीच दिसलं होतं.

“काही बिघडत नाही.” बिघडतं. जादा स्पर्मिडीनला अॅसिटिल गट (अणूंचा एक छोटा समूह) जोडून ई. कोलाय त्याचा धनभार कमी करतो. हे काम करणारं विकर नसलेल्या पेशींत स्पर्मिडीन साचलं, की वाढ थांबल्यानंतरच्या टप्प्यात त्या भराभर मरतात.