पुराचा अभ्यास कुणाच्या पैशाने?

जुलै 2021 मध्ये जर्मनीतल्या आर नदीला पूर आला आणि त्या एका खोऱ्यात 130हून जास्त माणसं गेली. तिथे पूरनकाशे नव्हते असं नाही. होते, सरकारी होते, रीतसर केलेले होते. पण ते ज्या मोजणीवर बेतले होते ती नदीवर पूरमापक बसल्यानंतरची, म्हणजे 1940च्या दशकापासून पुढची. त्याच नदीला 1804 आणि 1910 साली आलेले महापूर त्या हिशोबात धरलेच नव्हते. त्यांच्या नोंदी जुन्या दप्तरांत होत्या. अभ्यासकांनी 2021च्या आधीच त्यांवर लिहून ठेवलं होतं. 1804चा पूर साधारण 2021च्याच तोडीचा होता, असा त्यांचा अंदाज.

या खोऱ्याबद्दल जितकं वाचत गेलो तितकं माझं एक मत पक्कं होत गेलं. पुराचा धोका तपासण्याचं काम त्या त्या गावाच्या, शहराच्या कारभाराकडेच असायला हवं. आणि त्याचा खर्च देशाच्या तिजोरीतून, दरवर्षी, अर्ज-विनंत्या न करता मिळायला हवा. यातला ‘दरवर्षी’ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याकडे पुढे येतो.

धोका तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आधी जमिनीची उंची हवी. विमानातून लेझरने ती मोजता येते, आणि सपाट भागात अर्ध्या मीटरच्या फरकावर अख्खी वस्ती कोरडी राहणार की पाण्यात जाणार हे ठरतं. मग नदीच्या पात्राचे ठिकठिकाणचे छेद, पावसाच्या आणि प्रवाहाच्या नोंदी. हे सगळं संगणकावर मांडलं की अमुक इतका पाऊस झाला तर पाणी कुठवर चढेल ते दिसतं. इथपर्यंतचं काम एखादी मोठी यंत्रणा राजधानीत बसून करू शकते. पण रस्त्याखालच्या मोरीचा व्यास किती, ती निम्मी गाळाने भरली आहे का, नाल्यावर भिंत कधी बांधली गेली, मागच्या पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, हे विमानातून दिसत नाही. त्यासाठी पायी फिरावं लागतं, लोकांशी बोलावं लागतं आणि ते लिहून ठेवणारं माणूस कायम नोकरीवर असावं लागतं.

आणि धोका फक्त पाण्याच्या खोलीत नसतो. त्या रात्री आर खोऱ्यातल्या झिन्त्सिग गावात दिव्यांग व्यक्तींच्या निवासात 12 जण बुडून मेले. तळमजल्यावर कोण झोपतं, कुणाला उचलून न्यावं लागेल, रात्रपाळीला किती माणसं असतात, या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही राष्ट्रीय नकाशात नसतात. ती गावाच्या कारभाराला ठाऊक असू शकतात. माझ्या लेखी ही माहिती गोळा करणं हाच या अभ्यासाचा गाभा आहे, आणि नेमका त्यालाच पैसा मिळत नाही.

‘राष्ट्रीय नकाशा आहे ना, मग पुन्हा खर्च कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या हल शहराचं उदाहरण बघावं. जून 2007 मध्ये तिथे 8,600हून जास्त घरांत पाणी शिरलं. नदीने काठ सोडला नव्हता, समुद्रही आत आला नव्हता. पडलेल्या पावसाचा निचराच झाला नाही. नदी आणि समुद्रावर नजर ठेवणारी यंत्रणा देशाकडे होती, पण रस्त्यावरच्या, गटारातल्या, शेतातून वाहून येणाऱ्या पाण्याचा एकच एक वाली नव्हता. त्या उन्हाळ्यातल्या पुरांनंतर मायकल पिट यांनी केलेल्या चौकशीतून स्थानिक पालिकांना ही जबाबदारी द्या, असं पुढे आलं. 2009 साली जास्त धोक्याच्या 77 स्थानिक संस्थांना मिळून 97 लाख पौंड देण्यात आले आणि 2010च्या कायद्याने जबाबदारी पक्की झाली. ती सोपवताना सोबत पैसा आला, हे मला फार मोलाचं वाटतं. नुसता आदेश काढून खर्च गावावर ढकलला की कागदोपत्री अहवाल तयार होतो, त्यापलीकडे काही होत नाही.

गावाने स्वतःच्या उत्पन्नातून हे का करू नये? साधं कारण आहे. ज्या गावाला पुराचा धोका जास्त त्याचं उत्पन्न जास्त असेलच असं नाही. बरेचदा उलटच असतं, स्वस्त जमीन सखल असते. शिवाय नदी गावाच्या हद्दीपाशी थांबत नाही, वरच्या गावाने केलेल्या भरावाचं पाणी खालच्या गावात येतं. आणि पूर आल्यावर मदत, भरपाई, रस्ते-पुलांची दुरुस्ती याचा मोठा भार देशाच्याच तिजोरीवर पडतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय बांधकाम विज्ञान संस्थेने काढलेल्या हिशोबात केंद्रीय अनुदानातून आपत्ती-प्रतिबंधावर खर्च केलेल्या एका डॉलरमागे सरासरी सहा डॉलर वाचतात. पण त्या अनुदानासाठी आधी धोका कुठे आणि किती हे आकड्यांत दाखवावं लागतं. ज्या गावाकडे एकही अभियंता नाही ते काय दाखवणार? स्पर्धेने वाटलेला पैसा म्हणूनच आधीपासून तयारी असलेल्या मोठ्या शहरांकडे जातो. धोका तपासण्याचा निधी स्पर्धेने देऊच नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. ज्यांच्याकडे माणसं नाहीत त्यांना तो आधी मिळावा, आणि त्यात माणसांचा पगारही धरलेला असावा.

आता ‘दरवर्षी’कडे येतो. कॅनडाने 1975 साली प्रांतांबरोबर खर्च वाटून घेऊन पूरनकाशे करायला सुरुवात केली. काम चांगलं चाललं होतं. नव्वदच्या दशकात केंद्राचा पैसा थांबला आणि अनेक ठिकाणचे नकाशे तिथेच गोठले. शहरं वाढत राहिली, डांबर-काँक्रीट पसरत राहिलं, नकाशे मात्र जुनेच. 2013 साली दक्षिण अल्बर्टात मोठा पूर आला. 2015 मध्ये पाच वर्षांसाठी 20 कोटी डॉलरची नवी योजना आली, त्यात धोक्याचं मूल्यमापन आणि नकाशे यांना वेगळा निधी होता. दोन दशकांचा खंड पडला की जाणती माणसं निवृत्त होतात, नोंदी विस्कटतात आणि सगळं मुळापासून सुरू करावं लागतं. युरोपीय संघाच्या 2007च्या निर्देशात दर सहा वर्षांनी मूल्यमापन आणि नकाशे पुन्हा तपासायची सक्ती आहे, ती मला म्हणूनच योग्य वाटते.

एका आक्षेपाला मी टाळणार नाही. ‘अहवाल होतात आणि कपाटात जातात.’ खरं आहे. 29 ऑक्टोबर 2024ला स्पेनमधल्या वालेन्सिया प्रांतात 220हून जास्त माणसं मेली. तिथले धोक्याचे पट्टे सरकारी नकाशांवर आधीपासून होते, तरी त्यांत वस्ती होती. मोबाईलवर इशारा पोचला तो रात्री आठ वाजून गेल्यावर, तोवर कितीतरी गावांत पाणी शिरलेलं होतं. म्हणून पैशाला अटी हव्यात. मॉडेल आणि मोजणीचा सगळा डेटा सल्लागार कंपनीचा नव्हे, स्थानिक संस्थेच्या मालकीचा. नकाशा प्रत्येक नागरिकाला फुकट बघता आला पाहिजे, घर घेण्याआधी. वर्षाला 1 टक्का शक्यता असलेला पूर 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात एकदा तरी येण्याची शक्यता 26 टक्के असते, हे कर्ज काढणाऱ्याला कळायलाच हवं. आणि बांधकाम परवाना त्या नकाशाला बांधलेला असावा.

इथेच खरा दबाव येतो. नकाशावर पाणी कुठवर येईल ती रेषा काढली की जमिनीचा भाव पडतो, ती रेषा थोडी नदीकडे सरकवा म्हणणारे लोक कार्यालयात येऊन बसतात. ज्या संस्थेचं उत्पन्न बांधकाम परवान्यांवरच चालतं तिच्या अभियंत्याला नाही म्हणणं अवघड जातं. त्याचा पगार आणि त्याच्या मोजणीचा खर्च त्या परवान्यांवर अवलंबून नसेल, आणि त्याने काढलेली पहिली रेषा बदलांच्या कारणांसह सगळ्यांसमोर असेल, तर तो नाही म्हणू शकेल.